एका तासाचं वर्तुळ

लेकीच्या दप्तरातून कंपास काढला,
टोक रोवलं न्युगाती स्टेशनावर,
म्हणजे बुडापेस्टच्या बरगडीत,
आणि फिरवली पेन्सिल एका तासाच्या अंतराने.
बेन्देगूझ म्हणाला, नकाशात किलोमीटर असतात, मिनिटं नसतात.
त्याला काय जातंय बोलायला.
त्याचं काम घरच्या टेबलावर मावतं.
मला सहाला डायलिसिसच्या खोलीत उभं राहायचं असतं,
चौदा माणसांचं रक्त वाट बघत असतं.

रेषेवर सतरा गावं आली.
एक डुकरांच्या वासाचं.
एकात जर्दाळूच्या बागा तोडून बांधलेली घरं,
कवळीतल्या दातांसारखी, एकही किडका नाही.
एक इतकं देखणं की राहायला कुणी उरलंच नव्हतं,
खिडक्या फक्त शनिवारी उघडायच्या.
दुरून डोंगर साजरे, हे ऐकून होतो;
जवळ गेल्यावर दलालाने डोंगराचा भावही सांगितला.

अल्शोकूत रेषेच्या बाहेर होतं. चार मिनिटं.
युलिस्काला मळमळलं म्हणून उतरलो,
पुढची गाडी दोन तासांनी होती.
चर्चच्या मागे एका फाटकाला पुठ्ठा बांधलेला:
‘घराच्या बदल्यात घर. पैसे नकोत.’

एतेल्काबाईंनी आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.
त्यांना हवं होतं खाली औषधांचं दुकान,
पायी जाऊन आणता येईल असा पाव,
आणि रात्री उठल्यावर समोर कुणाचा तरी दिवा.
‘इथला काळोख,’ त्या म्हणाल्या, ‘नवरा गेल्यापासून
मी एकटीच वापरते. संपत नाही.’
आम्ही तर त्या काळोखासाठीच आलो होतो.

मग त्यांनी विचारलं, चौथ्या मजल्यावर लिफ्ट आहे ना?
चालते, मी म्हणाले.
(महिन्यातले तीन आठवडे.)
मी विचारलं, पहाटेची गाडी वेळेवर असते ना?
असते, त्या म्हणाल्या,
आणि उगाच टेबलक्लॉथची सुरकुती सारखी केली.
दोघींनीही ताकास तूर लागू दिली नाही.

वकिलाने करार वाचला. नववं कलम त्यांनी स्वतः सांगितलं:
अंगणातल्या अक्रोडाची निम्मी फळं
दर ऑक्टोबरात माझी.
वकील हसला. त्या हसल्या नाहीत.

आता चार एकतीसची गाडी.
उशीर तिच्या पाचवीला पुजलेला.
फलाटावर आम्ही चौघं: एक वेल्डर, दोघी सफाईच्या,
आणि मी. बोलत नाही कुणी.
पहिले तीन महिने मी कुठेही उभी राहायचे.
मग एका धुक्याच्या पहाटे देझो नावाच्या त्या वेल्डरने
बुटाच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढली,
इथे, म्हणाला, दार इथे येतं.
गावाने मला एवढंच दिलं अजून.
पुष्कळ झालं.

बेन्देगूझला सरपण फोडता येत नाही, येईल.
युलिस्काच्या वर्गात अकरा मुलं होती,
ही बारावी, म्हणून वर्ग वाचला,
असं मास्तरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या,
आणि पोरगी घरी येऊन रडली,
तिला वाचवायचं नव्हतं कुणाला, तिला जुनी मैत्रीण हवी होती.
त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कंपासाकडेही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पोतं बांधलं.
निम्मी म्हणजे निम्मी, युलिस्काने मोजली, सहाशे बारा.
चार एकतीसला चढवलं, दिवसभर दवाखान्याच्या कपाटात ठेवलं,
संध्याकाळी आमच्या जुन्या दारावरच्या
त्यांच्या नव्या नावापाशी नेलं.
लिफ्टवर तोच पिवळा कागद.
चार मजले. प्रत्येक पायरी ओळखीची,
एकीनेही मदत केली नाही.

एतेल्काबाईंनी दार उघडलं.
मागे स्वयंपाकघरात दिवा, समोरच्या इमारतीत आणखी वीस.
पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
गाडी वेळेवर होती?
होती, मी म्हणाले.
आणि लिफ्ट?
धाप लागली होती, तरी म्हणाले, चालू आहे.
त्यांनी मान हलवली,
आणि या वेळी म्हणाल्या, बस.